तीस मायक्रॉन

अहवालात ऋणनिर्देशाला अर्धं पान असतं.
संस्थेचे आभार, विभागप्रमुखांचे आभार,
मग मार्गदर्शक, मग "ज्ञात-अज्ञात सर्व".
ते लिहिलं. टाईप केलं. खाली सही केली.
हे त्यात न मावलेलं.

तुस्कानो,
तुमचं नाव यादीत शेवटून दुसरं आलंय,
आडनावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं मी.
मे महिना, आणि खोलीतला पंखा बंद,
कारण पूड उडते.
काचेवर चिमूटभर कार्बोरंडम, थेंबभर पाणी,
आणि दगडाची चकती फिरवत राहायची
आठाच्या आकड्यात.
"इंग्रजी आठ गं. मराठी आठ काढलास
तर एकीकडेच झिजेल."
पहिल्या तीन चकत्या तुटल्या.
चौथी घासता घासता नाहीशीच झाली,
काचेवर उरला नुसता गोंद.
मी रडायच्या बेतात.
तुम्ही काच उजेडाकडे धरून म्हणालात,
"चला, दगड संपतो एवढं तरी कळलं."

पाचवी.
"अजून पिवळं दिसतंय. म्हणजे जाड आहे.
राखाडी होईपर्यंत घास."
मनगट भरून आलं. घासलं.
तीस मायक्रॉनला
काळा बेसाल्ट उजेडाला वाट देतो.

आपल्यात म्हणतात ना, काळ्या दगडावरची रेघ?
त्या दुपारी मी त्या रेघा पाहिल्या,
प्लॅजिओक्लेजच्या अंगावर,
दुरेघी वहीसारख्या आखलेल्या.
भिंगाखालची तबकडी जरा फिरवली
तर एकाआड एक विझल्या.
आणखी फिरवली, पुन्हा उजळल्या.
डबा तसाच घरी गेला त्या दिवशी.
आईला वाटलं, भाजी आवडली नाही.

आंबर्डेकर मॅडम,
चांदिवलीच्या जुन्या खदानीपाशी
तुम्ही हातोडी माझ्या हातात दिलीत.
वर बावीस मजल्यांची इमारत, तिचा वॉचमन
आपल्याला चोर समजून खाली आलेला.
मी आधी दगडावर टिचकी मारली, मग कान लावला.
तुम्ही विचारलंत, हे काय?
मी म्हटलं, काही नाही.
तुम्ही थांबलात.
मग सांगितलं मी, कॉलेजात कुणालाच न सांगितलेलं:
आमचे आबा इथेच फोडायचे.
खणखणीत वाजला तर पाट्याला,
बद्द वाजला तर आत चीर आहे, खडीला टाका.
आमच्या घरात चार पिढ्या दगड ऐकतात.

तुम्ही "वा" म्हणाला नाहीत.
बरं झालं.
वही उघडलीत, तक्त्यात पट्टीनं
एक रकाना वाढवलात,
नमुना, ठिकाण, रंग, कण, आणि पुढे:
आवाज.
सत्तावन्न नमुन्यांपुढे मी तो भरला.
चीर असेल म्हटलं त्या अकरांपैकी
नवांत भिंगाखाली चीर निघाली.
दोनांत नाही. तेही लिहायला लावलंत.

विद्यावेतनाचे पैसे आले, त्यातून बूट घेतले.
उरलेले आईकडे.
आणि पाचवी चकती तुस्कानोंनी
कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली,
"तुटकी आहे असं लिहीन रजिस्टरात."

रात्री आबांना दाखवली.
त्यांनी काच ट्यूबलाईटसमोर धरली,
डावा डोळा मिटून, उजव्यात दिसतं तेवढं बघितलं.
कडेवरून अंगठा फिरवला.
मग नखानं हळूच वाजवून पाहिली.
कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत.
"चांदिवलीचा?"
हो.
"एवढा पातळ केलास,"
काच मला परत देत म्हणाले,
"आता ह्याच्यावर वाटायचं काय?"

मॅडम, ह्या प्रश्नाचं उत्तर
निष्कर्षात नाही.
विचारून ठेवलाय.